शांताक्कांचे उखाणे आणि रोज सकाळी पळणारे नवरे

चहा आधी संपवा, मग ऐका. घोट तोंडात असताना ऐकलंत आणि ठसका लागला तर मला बोलायचं काम नाही. परवा मेव्हण्याला सांगत होतो, त्यानं माझ्याच पांढऱ्या शर्टावर चहा उडवला.

माझी फजिती आहे, म्हणून मीच सांगतो. दुसऱ्यानं सांगितली की त्यात तिखटमीठ पडतं, आणि आमच्या मुरुममध्ये तिखटमीठ टाकणाऱ्यांना तोटा नाही.

मला गावात मास्तर म्हणतात. शाळेत मी एक दिवस शिकवलेलं नाही, पण गावातला पहिला कॉम्प्युटर क्लास माझा. चार मशीन, आठ खुर्च्या आणि दारात चपलांचा ढीग. आज गावात जे कुणी माऊस धरतं ना, त्यातल्या निम्म्यांचा हात मी धरून शिकवलाय. आणि क्लासमध्ये माझा एक नियम होता, तो पोरांकडून घोकून घ्यायचो. कॉम्प्युटर बंद करायला सांगितला की काळ्या स्क्रीनवर नारिंगी अक्षरं येतात, इंग्रजीत, की आता मशीन बंद करायला हरकत नाही. ती अक्षरं येईपर्यंत बटणाला हात लावायचा नाही. आणि आली की एक सेकंद थांबायचं नाही, भिंतीवरचं बटण बंद. का? तर आमच्याकडं लाईट कधी जाईल, कधी येईल आणि येताना काय जाळेल, याचा भरवसा नव्हता.

हा नियम लक्षात ठेवा. याच नियमानं माझं नाक कापलं.

आता शांताक्का. आमच्याच गल्लीतल्या, ऐंशीच्या पुढच्या, अक्षरओळख नाही, पण उखाणे करण्यात आख्ख्या उमरगा तालुक्यात तोड नाही. आमच्या गल्लीची एक पद्धत आहे. नवी नवरी गल्लीत आली की माप ओलांडायच्या आधी अक्का तिच्या कानाला लागतात, नवऱ्याचं नाव विचारतात, आणि उभ्या उभ्या एक उखाणा तिच्या ओटीत टाकतात. तो उखाणा मग जन्मभर तिचा. दुसरीनं तो घ्यायचा नाही. बायका दागिन्यावरनं भांडणार नाहीत, पण उखाण्यावरनं भांडतील, अशी गत.

वीस-पंचवीस वर्षांपूर्वी मी ते सगळे उखाणे अक्कांकडून ऐकून कॉम्प्युटरवर टाइप केले होते. क्लासची जाहिरात, दुसरं काय! पण तेव्हा मला एका गोष्टीचं भारी कौतुक होतं, नक्कल करून चिकटवणं. वरच्या उखाण्याची नक्कल खाली चिकटवायची आणि शब्द बदलत जायचे. शब्द बदलले, पण कैक ठिकाणी नाव बदलायचं राहून गेलं. म्हणजे बघा, शेवंताबाईंचा नवरा काशिनाथ, तो शेजारच्या रत्नाबाईंच्या उखाण्यात जाऊन बसला. असे एकूण सव्वीस नवरे भलत्याच घरात! छापलं नव्हतं म्हणून इतकी वर्षं कुणाला पत्ता नव्हता.

यंदा अक्कांच्या नातीचं लग्न ठरलं. अक्कांचा मुलगा दत्ता म्हणाला, मास्तर, आईच्या उखाण्यांची पुस्तिका छापू आणि हळदीकुंकवाला एकेका बाईच्या हातात देऊ. आता त्या पुस्तिकेत रत्नाबाईंच्या नावाखाली काशिनाथाचं नाव निघालं असतं तर? लग्न राहिलं असतं बाजूला आणि पोलीस पाटलाला बोलवावं लागलं असतं.

कागदावर काहीच नव्हतं, सगळं क्लासच्या कॉम्प्युटरात. जुना कॉम्प्युटर माळ्यावर, त्याचा पडदा कधीच गेलेला. माझी मुलगी सायली पुण्यात अशीच कामं करते. जुन्या मशीनमधलं सगळं जसंच्या तसं काढून जपून ठेवायचं आणि नव्या मशीनवर चालवून दाखवायचं. ती दिवाळीला आली, तिनं जुन्या मशीनची डिस्क काढली, तिची हुबेहूब नक्कल माझ्या लॅपटॉपमध्ये घेतली. पण उखाण्यांची फाईल आजच्या प्रोग्रामात उघडली की नुसते ठिपके आणि चिन्हं. ती फाईल ज्या मराठी सॉफ्टवेअरनं केली होती ते जुन्या विंडोजवरच चालायचं. म्हणून मग सायलीनं इम्युलेटर बसवला.

इम्युलेटर म्हणजे काय, मीही विचारलं. ती म्हणाली, बाबा, बहुरूपी पोलिसाचं सोंग घेतो ना, तसं नवा लॅपटॉप जुन्या कॉम्प्युटरचं सोंग घेतो. आतल्या विंडोजला शेवटपर्यंत कळत नाही की आपण दुसऱ्याच्या पोटात आहोत.

आणि खरंच की हो! तीच हिरवट स्क्रीन, तेच ढग, तीच सुरू होतानाची धून. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. लॅपटॉपभर तेच दिसत होतं, नव्याचं काही शिल्लकच नाही. मला तर क्षणभर बाहेर चपलांचा ढीग असेल असं वाटलं.

त्या भरात सायली पुढं बरंच काही सांगत होती. मी हो हो म्हणालो. जी विंडोज मी उभ्या गावाला शिकवली ती ही पोरगी मला काय शिकवणार? ती पुण्याला गेली आणि दुसऱ्या दिवसापासून अक्का रोज दहाला माझ्याकडं येऊ लागल्या.

पहिला दिवस झकास. मी वाचायचो, अक्का डोळे मिटून ऐकायच्या आणि चुकलं की बोट वर करायच्या. रत्नाबाईंच्या उखाण्याला त्यांनी बोट वर केलं.

“मास्तर, रत्नाचा नवरा मल्लिनाथ. काशिनाथ शेवंताचा. असं छापलाव तर दोन घरं मोडत्याल की.”

मी नाव बदललं. दुपारपर्यंत सव्वीसच्या सव्वीस नवरे आपापल्या घरी पोचवले. सेव्ह केलं. विंडोजला सांगितलं, बंद हो. नारिंगी अक्षरं आली. आणि एक सेकंद न थांबता भिंतीवरचं बटण बंद! लॅपटॉपची बॅटरी कधीच मेलेली, त्यामुळं तो वायरीवरच चालतो, बटण बंद की खलास. मला काय बरं वाटलं म्हणून सांगू. इतक्या वर्षांनी तोच थाट.

दुसऱ्या दिवशी सकाळी उघडतो तर काय, रत्नाबाईंच्या उखाण्यात काशिनाथ परत हजर! नुसता तोच नाही. सव्वीसच्या सव्वीस नवरे रात्रीत उठून परत शेजारच्या घरी गेलेले.

मी चक्रावलो. सेव्ह तर मी या डोळ्यांनी बघितलं होतं. आता माणसानं अशा वेळी काय करावं? स्वतःवर शंका घ्यावी. पण मी मास्तर ना! मी अक्कांना विचारलं की काल तुम्ही रत्नाबाईंना काशिनाथच सांगितला होता का. अक्का म्हणाल्या, न्हाय, मल्लिनाथ. मी म्हणालो, बरं, असू दे, वयोमानानं होतं. आणि परत सगळे नवरे घरी पोचवले. परत नारिंगी अक्षरं, परत बटण बंद.

तिसऱ्या दिवशी नवरे परत पळाले.

आता माझ्या डोक्याला मुंग्या आल्या. नवरे तिसऱ्यांदा घरी पोचवले आणि पुरावा ठेवायचं ठरवलं. कुठं? कागदावर? छे! कॉम्प्युटर असताना कागद वापरणारा माणूस माझ्या क्लासमध्ये उभा केला नसता. मी त्याच जुन्या मशीनमध्ये एक वेगळी फाईल केली, त्यात लिहिलं की आज अक्का आल्या आणि त्यांनी अमुक अमुक सांगितलं. तिला ‘पुरावा’ असं नाव दिलं, सेव्ह केली, मशीन बंद, बटण बंद.

चौथ्या दिवशी नवरे पळालेलेच, आणि पुरावाही त्यांच्यासोबत गेलेला! फाईलच नाही. मागमूसच नाही. जन्मालाच आली नव्हती.

मग मी उखाण्यांच्या फाईलवरची तारीख बघितली. शेवटचा बदल कधी, तर वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचा. त्यानंतर कुणी हात लावलाच नाही, असं मशीन सांगत होतं. आता तुम्हीच सांगा, मी कुणावर विश्वास ठेवायचा? मशीन खोटं बोलत नाही, हे तर मी आयुष्यभर शिकवलेलं. मग उरलं काय? मला कळेना की मी काल बसलो होतो का परवा, का आज पहिलाच दिवस आहे. पण मी गोंधळलोय हे कबूल कोण करणार? अक्का समोर बसल्या होत्या. त्यांच्यावर ढकललं.

म्हणालो, अक्का, हे बघा, मशीनमध्ये नोंद आहे. तुम्ही काहीच सांगितलेलं नाही. तुम्हाला भास होतोय. काल तुम्ही बहुतेक आलाच नव्हता.

अक्का पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या. मग हळूच म्हणाल्या,

“मग म्या काल कुठं व्हते, मास्तर?”

मला तेव्हाच गप्प बसायला पाहिजे होतं. मी म्हणालो, घरीच असाल.

संध्याकाळी दत्ता आला. त्याचा चेहरा पडलेला. आई दुपारपासून विचारतेय, म्हणाला, मी काल मास्तरकडं गेलते का, परवा गेलते का. चार वेळा विचारलं. बोटावर गल्लीतल्या नवऱ्यांची नावं मोजतेय आणि मोजून झालं की परत मोजतेय. त्यापुढचं ऐकून मला जास्त लागलं. पलीकडच्या घरात आज दुपारीच नवी सून आली, माप ओलांडायच्या आधी ती उखाणा मागायला थांबली, तर अक्कांनी तिला हात जोडले आणि म्हणाल्या, बाई, मला आता काय आठवतंय, दुसऱ्या कुणाला विचार. अख्ख्या हयातीत अक्कांनी एकाही नवरीला रिकाम्या हातानं पाठवलं नव्हतं. दत्तानं सोलापूरच्या डोक्याच्या डॉक्टरकडं परवाचा नंबर लावला होता. गाडीही सांगितली होती. म्हणाला, मास्तर, तुमच्यामुळं लवकर लक्षात आलं, नाहीतर रोग बळावला असता. आणि त्यानं माझे आभार मानले.

आभार!

दत्ता गेल्यावर आमच्या सौ., सुमनबाई, आतून बाहेर आल्या. कमरेला पदर खोचलेला. हा पदर खोचलेला दिसला की मी पेपर वाचायला घेतो, पण तेवढ्यात पेपर सापडला नाही.

“चार दिवस झालं, रोज तीन कप चहा करतीय मी. एक तुमचा, एक माझा. तिसरा कोण पीत होतं?”

मी म्हणालो, चहाचा आणि फाईलचा काय संबंध? फाईलवर तारीख आहे.

ती म्हणाली, तारखेनं चहा पिला काय? चोराच्या उलट्या बोंबा! त्या म्हातारीला तुम्ही वेडी ठरवताय. आणि तिनं माझ्या हातातला फोन घेऊन सायलीला व्हिडिओ कॉल लावला.

सायलीनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, बाबा, तुम्ही बंद कसं करता तेवढं दाखवा.

मी खुश. हे तर आपलं हातखंडा काम! सुमनला फोन धरायला लावला, जुनी विंडोज सुरू केली, दोन अक्षरं टाइप केली, सेव्ह केलं, बंद करायला सांगितलं. नारिंगी अक्षरं आली. फोनमधून सायली थांबा म्हणेपर्यंत माझा हात बटणावर पोचलाही होता. लॅपटॉप काळा.

 मग सायलीनं विचारलं, बाबा, तुम्ही रोज असंच करता? मी म्हणालो, रोज. एकदाही चुकलो नाही.

तिनं परत सगळं सुरू करायला लावलं. या वेळी नारिंगी अक्षरं आली तेव्हा सुमननं माझे दोन्ही हात मागं धरले. तुम्हाला हसू येतंय, पण खरंच धरले. हात वळवळतच होते. मग सायलीनं सुमनलाच दोन बटणं दाबायला लावली, आणि ती काळी स्क्रीन आकसून एका चौकटीत गेली. मागं माझा रोजचा लॅपटॉप, त्यावर आमचा तुळजापूरचा फोटो, सगळं जागच्या जागी. मी बघतच राहिलो. सुमननं ती चौकट बंद केली, तसा लॅपटॉपनं एक प्रश्न विचारला. आतल्या मशीनमध्ये आज केलेले बदल ठेवायचे का?

हा प्रश्न मी जन्मात बघितला नव्हता.

सायलीनं समजावलं. जुनी डिस्क जपायची म्हणून तिनं अशी सोय केली होती की आत काहीही करा, मूळ प्रतीला धक्का लागणार नाही. शेवटी लॅपटॉप विचारेल, हो म्हटलं तर ठेवेल, नाही तर सोडून देईल. आणि उत्तरच न देता वीज तोडली तरी सोडून देईल. हे तिनं दिवाळीत दोनदा सांगितलं होतं, मी दोनदा हो हो म्हणालो होतो.

मी विचारलं, मग ती नारिंगी अक्षरं कुणाची? म्हणाली, आतल्या कॉम्प्युटरची. बिचारा खरंच सांगत होता, की मला बंद करायला हरकत नाही. मी विचारलं, आणि मी बंद कुठला करत होतो? म्हणाली, बाहेरचा.

मला हे समजायला पाच मिनिटं लागली. आतलं आत, बाहेरचं बाहेर, बोटांवर मोजत तीनदा म्हणून बघितलं. अजूनही कधी कधी गाडी सुटते. पण एक गोष्ट लख्ख समजली. शांताक्का चारही दिवस आल्या होत्या. पहिले तीनही दिवस त्यांनी सव्वीस नावं बिनचूक सांगितली होती. डोकं माझं फिरलं होतं आणि नंबर त्यांचा लागला होता.

लाज वाटली हो. हसण्यावारी नेतोय, पण त्या रात्री जेवण गेलं नाही.

सकाळी उठून थेट अक्कांच्या घरी. अक्का ओसरीत तूर निवडत बसल्या होत्या. दत्ता गाडीवाल्याशी फोनवर बोलत होता. पलीकडची ती नवी सून आणि तिची सासू, दोघी दारातच होत्या. मी म्हणालो, अक्का, मी चुकलो. तुम्ही आला होता. चारी दिवस आला होता. सगळं बरोबर सांगितलं होतं. आणि मग आतलं मशीन, बाहेरचं मशीन, नारिंगी अक्षरं, शेवटचा प्रश्न, सगळं सांगितलं. मला वाटलं, यांना काय कळणार. अक्कांनी सूप खाली ठेवलं.

“म्हंजी ते बिचारं इचारायला तोंड उघडायच्या आत तुमी त्याचा गळा दाबत व्हताव.”

“व्हय, अक्का.”

“माझाबी तसाच दाबलाव.”

मी मान खाली घातली. दत्ता फोन कानाला तसाच धरून उभा होता. त्यानं आईकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, सोलापूरचा नंबर रद्द करू का मास्तरांच्या नावावर करू? अक्का खळखळून हसल्या. मला इतकं बरं वाटलं, म्हटलं, कर बाबा माझ्या नावावर, पण हसू दे त्यांना.

आणि हसता हसता त्यांनी त्या नव्या सुनेला जवळ बोलावलं, नवऱ्याचं नाव विचारलं आणि तिथंच तिच्या पदरात उखाणा टाकला.

त्याच दिवशी दहाला अक्का आमच्याकडं हजर. एका बैठकीत, मध्ये पाण्याचा घोट न घेता, सव्वीस नवरे चौथ्यांदा घरी पोचवले. एकही नाव अडलं नाही. मी मात्र तीनदा अडलो. काम संपलं असं समजून मी माऊसकडं हात नेला, तर अक्कांनी बोट वर केलं. म्हणाल्या, एक ऱ्हायलाय. सुमन ह्या गल्लीत आली तवा म्या लेकीच्या बाळंतपणाला तिच्या गावी गेलते. तिला उखाणा द्यायचा ऱ्हाऊन गेला. तो आता पैल्या पानावर टाका.

मी खुश झालो. म्हटलं, बघा, अक्कांच्या मनात काही नाही. बोटं तयार ठेवली. अक्कांनी डोळे मिटले आणि सावकाश, मला टाइप करायला जमेल अशा बेतानं सांगितला,

“जिचा तिचा नवरा घरी पोचला, अक्कांनी धरून बोट,
वसंतराव सांगत फिरत्यात, मशीनमधी व्हती खोट.”

वसंतराव म्हणजे कोण, हे सांगायला पाहिजे का?

सुमन इतकी हसली की तिला खुर्ची धरावी लागली. मी माझ्याच हातानं, माझ्याच नावासकट, ते टाइप केलं. सेव्ह केलं. बंद केलं. नारिंगी अक्षरं आली. या वेळी मी नीट, सायलीनं शिकवल्याप्रमाणं, चौकट लहान केली आणि बंद केली. लॅपटॉपनं विचारलं, आज केलेले बदल ठेवायचे का?

खोटं कशाला बोलू? भिंतीवरचं बटण हाताच्या अंतरावर होतं. आयुष्यात पहिल्यांदा मला ते कळून सवरून दाबावंसं वाटलं. पण एका खांद्यावरून अक्का वाकून बघत होत्या आणि दुसऱ्यावरून सुमन.

“ते इचारतंय बघा, मास्तर,” अक्का म्हणाल्या. “उत्तर द्या त्याला.”

दिलं. पुस्तिका छापून आली, अख्ख्या मुरुममध्ये वाटून झाली. पहिलं पान उघडून बघा.